आवाज थांबले, तरी वाचलेलं लक्षात का राहत नाही?

स्किझोफ्रेनियावर औषधं सुरू होतात. काही आठवड्यांत कानात येणारे आवाज मंदावतात, कुणीतरी पाळत ठेवतंय हा संशय सैल होतो, झोप लागू लागते. घरची माणसं सुटकेचा निःश्वास टाकतात. मग काही महिन्यांनी वेगळीच तक्रार पुढे येते. पुस्तकाचं एकच पान तीनतीनदा वाचून होतं, पण पुस्तक मिटलं की काय वाचलं ते सांगता येत नाही. तीन कामं सांगितली तर पहिलं होतं आणि उरलेली दोन वाटेतच हरवतात. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात निसटलेली असते. सकाळची गोळी घेतली की नाही, तेही आठवत नाही. ‘आता बरा आहे ना, मग लक्ष का देत नाही?’ असा प्रश्न घरात उठतो आणि त्याच्या मागोमाग ‘आळशी’, ‘बेफिकीर’ हे शब्द येतात.

हे शब्द चुकीचे आहेत आणि फार दुखावणारे आहेत. हे विसरणं आजाराचाच भाग आहे. मेंदूत त्याचे ठसे मोजता येतात, आणि ते समजून घेतलं तर घरात करता येण्यासारखंही बरंच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ३० लाख लोकांना, म्हणजे साधारण साडेतीनशे माणसांमागे एकाला, स्किझोफ्रेनिया आहे. बहुतेकांना तो ऐन विशीच्या आसपास गाठतो. डॉक्टर त्याच्या लक्षणांचे ढोबळमानाने तीन गट करतात. पहिल्यात भास, संशय, असंबद्ध बोलणं. दुसऱ्यात उत्साह आटणं, बोलणं कमी होणं, माणसांपासून दूर जाणं. तिसऱ्यात स्मरणशक्ती, लक्ष आणि विचारांचा वेग. पहिला गट सगळ्यांना दिसतो, कारण तो घाबरवतो. तिसरा कुणाला दिसत नाही, आणि दिसला तरी त्याला स्वभाव समजलं जातं.

एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा त्याने बुद्धीवर होणाऱ्या परिणामालाच केंद्रस्थानी ठेवलं होतं. त्याला वाटलं, हा तरुणपणी येणारा आणि वाढतच जाणारा स्मृतिभ्रंश आहे. ‘वाढतच जाणारा’ हा भाग पुढे बहुतेकांच्या बाबतीत खरा ठरला नाही, पण बुद्धीकडे पाहण्याची त्याची नजर बरोबर होती. १९५२ साली क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोविकारांसाठी वापरात आलं. ते भासांवर आणि संशयावर इतकं परिणामकारक ठरलं की पुढची कित्येक वर्षं उपचाराचं यश ‘आवाज थांबले का?’ एवढ्यावरच मोजलं गेलं. १९९६ मध्ये मायकेल ग्रीन या अमेरिकी संशोधकाने तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा चित्र वेगळं दिसलं. रुग्णाला रोजचं आयुष्य चालवता येईल का, माणसांत मिसळता येईल का, नवी कौशल्यं शिकता येतील का, याचा संबंध आवाजांच्या तीव्रतेपेक्षा स्मरणशक्ती आणि लक्ष यांच्याशी अधिक होता. माझ्या मते या आजाराबद्दल घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगायला हवी अशी ही गोष्ट आहे, आणि तीच बहुधा राहून जाते.

हातचा सुटतो तेव्हा

शाळेत बेरीज करताना आपण ‘हातचा एक’ म्हणून तो आकडा मनात धरून ठेवायचो आणि पुढच्या घराची बेरीज करायचो. धरून ठेवणं आणि त्याच वेळी दुसरं काम करणं, या क्षमतेला कार्यकारी स्मृती म्हणतात. इंग्रजीतला ‘वर्किंग मेमरी’ हा शब्दही आता रुळला आहे. ती काही सेकंदांची असते आणि तिच्यात मावतंही थोडंच, एका वेळी तीन-चार गोष्टी. पण आपलं जवळजवळ सगळं विचार करणं तिच्यावर उभं आहे. लांब वाक्य समजायचं तर त्याचा पहिला भाग शेवटापर्यंत धरून ठेवावा लागतो. गप्पांत भाग घ्यायचा तर दुसरा बोलत असताना आपलं उत्तर सांभाळावं लागतं.

मेंदू हे कसं करतो, यावर पॅट्रिशिया गोल्डमन-राकिक या शास्त्रज्ञ बाईंनी माकडांवर केलेलं काम फार महत्त्वाचं आहे. माकडाला पडद्यावर एक ठिपका क्षणभर दाखवायचा, मग तो नाहीसा करायचा आणि काही सेकंदांनी तो जिथे होता तिकडे डोळे वळवायला लावायचं. कपाळामागच्या मेंदूत, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, अशा पेशी सापडल्या की ठिपका गेल्यावरही त्या मधल्या रिकाम्या वेळात सतत संदेश देत राहायच्या. समोर काहीच नसताना ती जागा जिवंत ठेवायचं काम त्या पेशी करत होत्या. त्या मधेच थांबल्या तर माकडाचं उत्तर बहुधा चुकायचं. १९९२ साली सोही पार्क आणि फिलिप होल्झमन यांनी अशाच प्रकारची चाचणी स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसांवर घेतली. ठिपका समोर असताना ती अचूक उत्तरं देत होती. तो काही सेकंद मनात धरायचा म्हटलं की चुका वाढत होत्या.

मेंदूच्या चित्रणातही हीच जागा पुन्हा पुन्हा समोर आली. १९७४ मध्ये स्वीडनमधल्या इंगवार आणि फ्रान्झेन यांना स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत मेंदूच्या पुढच्या भागात रक्तपुरवठा तुलनेने कमी दिसला. १९८६ मध्ये डॅनियल वाइनबर्गर आणि सहकाऱ्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. त्यांनी लोकांना पत्ते लावायची एक चाचणी करायला दिली. पत्ते रंगाने जुळवायचे, आकाराने की संख्येने, हे सांगितलं जात नाही. ‘बरोबर’, ‘चूक’ एवढं ऐकून नियम ओळखायचा. तो जमला की न सांगता बदलला जातो. निरोगी माणसांत हे करताना कपाळामागच्या भागाचा रक्तपुरवठा वाढत होता. रुग्णांत तो तसा जागा होत नव्हता.

यावरून बरीच वर्षं असं मानलं गेलं की या माणसांचा पुढचा मेंदू मंद आहे. पुढे काम करतानाचा मेंदू दाखवणारं फंक्शनल एमआरआय आलं आणि या समजुतीला मोठा धक्का बसला. काम सोपं असताना, म्हणजे एक-दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या असताना, रुग्णांचा तोच भाग अनेकदा निरोगी माणसापेक्षा *जास्त* काम करताना दिसला. ओझं वाढवत नेलं की एका टप्प्यावर मात्र तो अचानक खाली येत होता. निरोगी मेंदूतही अशी मर्यादा असतेच. स्किझोफ्रेनियात ती लवकर येते, आणि तिथवर पोचायलाही मेंदूला जास्त खर्च करावा लागतो.

हा निष्कर्ष वाचताना मला दर वेळी त्या ‘आळशी’ म्हटल्या गेलेल्या मुलामुलींची आठवण होते. बाहेरून काहीच करत नसल्यासारखा दिसणारा माणूस साध्या संभाषणासाठी आतून दुप्पट दमत असू शकतो. अर्ध्या तासाच्या गप्पांनंतर तो खोलीत जाऊन पडतो, ते कंटाळ्यापोटी असेलच असं नाही.

लय बिघडते ती कुठे

पेशी संदेश तरी एकत्र कसा धरून ठेवतात? एकटीदुकटी पेशी हे करू शकत नाही. हजारो पेशींना एकाच ठेक्यात संदेश द्यावे लागतात. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढला तर हा ठेका दिसतो. मनात काही धरून ठेवताना सेकंदाला साधारण ३० ते ८० वेळा होणारी स्पंदनं, म्हणजे गॅमा लहरी, जोर धरतात.

हा ठेका लावून देण्याचं काम दुसऱ्यांना गप्प करणाऱ्या पेशींकडे असतं. गाबा नावाचं रसायन सोडून त्या शेजारच्या पेशींना क्षणभर थांबवतात, मग सोडतात, पुन्हा थांबवतात. सगळ्या एकदम थांबल्या की सगळ्या एकदमच सुटतात, आणि त्यातून ताल जमतो. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास डेव्हिड लुईस आणि इतरांनी केला आहे. त्यात स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या पुढच्या मेंदूत गाबा तयार करणारं एक विकर (एन्झाइम) कमी प्रमाणात आढळतं, आणि ठेका देणाऱ्या या पेशींतच हा फरक ठळक असतो. पेशी तिथे असतात, पण त्यांची पकड ढिली पडलेली असते.

जिवंत माणसात हे तपासायची एक साधी पद्धत आहे. कानात सेकंदाला ४० वेळा टकटक असा आवाज सोडायचा. निरोगी मेंदू थोड्याच वेळात त्याच वेगाने डोलू लागतो. स्किझोफ्रेनियात हा प्रतिसाद क्षीण असतो, असं १९९९ पासून वेगवेगळ्या प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. यात माणसाला काही करायचंच नसतं, नुसतं ऐकायचं असतं. म्हणून ‘प्रयत्न केला नाही’ हा आरोप इथे कुणालाही करता येत नाही.

या पेशी ढिल्या का पडतात, याचं एक उत्तर ग्लुटामेट या रसायनाकडे आणि ते स्वीकारणाऱ्या एनएमडीए नावाच्या ग्राहींकडे बोट दाखवतं. भूल देण्यासाठी वापरलं जाणारं केटामिन हे औषध नेमके हेच ग्राही अडवतं. १९९४ मध्ये जॉन क्रिस्टल आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना ते कमी मात्रेत दिलं, तेव्हा त्यांच्यात तात्पुरत्या भासांसारख्या आणि निरुत्साहासारख्या गोष्टींबरोबर स्मरणशक्तीच्या चाचण्यांतही घसरण दिसली. डोपामाइन हे मेंदूतलं दुसरं एक रसायन. नुसतं तेच वाढवणारी ॲम्फेटामिनसारखी उत्तेजक द्रव्यं संशय आणि भास आणू शकतात, पण हे सगळं एकत्र चित्र उभं करत नाहीत. आजवरची बहुतेक औषधं डोपामाइनवर काम करतात. आवाज थांबूनही लक्षात राहत नाही, याचं एक मोठं कारण इथे आहे.

साठवतानाच गोंधळ

काही सेकंदांपलीकडे, तासांसाठी किंवा वर्षांसाठी लक्षात राहायचं असेल तर कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेल्या हिप्पोकॅम्पसची गरज लागते. स्किझोफ्रेनियात सरासरीने हा भाग किंचित लहान आढळतो. त्याहून बोलकी आहे ती त्याची वागणूक. काहीच काम नसताना तो नेहमीपेक्षा जास्त सक्रिय असतो, आणि खरंच आठवायची वेळ येते तेव्हा त्याचा जोर पुरेसा वाढत नाही. १९९८ मध्ये स्टेफान हेकर्स यांच्या गटाने हे पहिल्यांदा स्पष्टपणे दाखवलं.

चाचणीत याचं रूप असं दिसतं. सोळा शब्दांची यादी वाचून दाखवली, त्यात चार प्राणी, चार अवजारं, चार रंग, चार वाहनं, सगळी मिसळलेली. बहुतेक माणसं न सांगता त्यांचे गट पाडतात आणि ‘प्राणी कोणते होते?’ असं स्वतःला विचारत आठवतात. स्किझोफ्रेनियात हे आपोआप गट पाडणं कमी होतं. शब्द सुटे सुटे आत जातात आणि सुटेच हरवतात. पण ‘प्रत्येक शब्द ऐकला की तो सजीव आहे की निर्जीव ते सांगा’ अशी सूचना दिली, तर स्मरण बऱ्यापैकी सुधारतं. समोर शब्द दाखवून ‘हा होता का?’ विचारलं तरी उत्तरं पुष्कळ बरी येतात. एकदा नीट आत गेलेलं मग बऱ्यापैकी टिकतंही. अल्झायमरशी या आजाराची गल्लत करू नये ती यासाठी. अल्झायमरमध्ये आत गेलेलंही झपाट्याने पुसलं जातं. इथे मुख्य अडचण आत जाताना आणि बाहेर काढताना आहे. पोहणं, सायकल चालवणं, वाद्य वाजवणं अशी हातात भिनलेली कौशल्यं तर बहुधा बरीच शाबूत राहतात.

आणखी एक नाजूक गोष्ट आहे, ती म्हणजे आठवणीचा उगम. ‘हे मी बोललो की फक्त मनात आणलं?’, ‘हे त्याने सांगितलं की मीच समजलो?’ हे ओळखण्यात स्किझोफ्रेनियात जास्त चुका होतात. आपण बोलतो तेव्हा मेंदू आपल्याच श्रवणकेंद्राला आधी कळवतो की हा आवाज आपला आहे, आणि ते केंद्र त्याला कमी प्रतिसाद देतं. ही आगाऊ सूचना या आजारात कमकुवत पडते, असं जुडिथ फोर्ड यांच्या ईईजी अभ्यासांत दिसलं. स्वतःचाच मनातला विचार परका वाटणं, कानात आवाज ऐकू येणं, याचा एक धागा इथे असावा असं अनेक संशोधक मानतात. म्हणून ‘तू असं बोललास’ आणि ‘मी बोललोच नाही’ यावरून वाद झाला, तर समोरचा खोटं बोलतोय असं धरून चालू नये.

झोपेचाही यात हात आहे. दिवसभराच्या आठवणी रात्री पक्क्या होतात, आणि त्या वेळी ईईजीत सेकंदाला १२ ते १५ स्पंदनांचे छोटे झुबके उमटतात. स्किझोफ्रेनियात हे झुबके कमी असतात, अगदी औषध सुरू होण्याआधीच्या रुग्णांतही.

हे कधी सुरू होतं

पुष्कळदा पहिल्या भासाच्या कितीतरी आधी. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा वयाच्या तिसऱ्या वर्षापासून मागोवा घेतला जात आहे. त्यांतल्या ज्यांना पुढे स्किझोफ्रेनिया झाला, ती लहानपणीच बुद्धिचाचण्यांत सरासरीने थोडी मागे होती. पौगंडावस्थेत मेंदू पेशींमधले अनावश्यक जोड छाटून टाकतो. ही छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी, अशी कल्पना अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२ मध्ये मांडली. २०१६ मध्ये सी-फोर नावाच्या जनुकाचा अभ्यास झाला. त्याची काही रूपं आजाराचा धोका वाढवतात, आणि हेच जनुक उंदरांच्या मेंदूत छाटणीत भाग घेतं, असं त्यात आढळलं. आईवडिलांच्या वागण्याने हा आजार झाला, हे जुनं मत या सगळ्यापुढे टिकत नाही, आणि ते आता कुणी कुणाला ऐकवू नये.

पहिल्या आजारपणानंतर स्मरणशक्ती दरवर्षी कोसळतच जाते असंही नाही. अनेकांत ती वर्षानुवर्षं बरीचशी स्थिर राहते. शिवाय सगळ्यांना सारखाच फटका बसत नाही. काही जण चाचण्यांत सर्वसाधारण मर्यादेत येतात, शिकतात, नोकरी करतात, पुस्तकं लिहितात.

औषधं, सराव आणि घर

सध्याची भासविरोधी औषधं स्मरणशक्तीला फारशी मदत करत नाहीत. तरीही ती सोडायची नाहीत, कारण आजार उलटला की सगळंच विस्कटतं. एका गोष्टीची मात्र डॉक्टरांकडे जरूर चौकशी करावी. हातपाय थरथरणं, अंग ताठरणं यासाठी ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी गोळी बरोबर दिली जाते. ती ॲसिटिलकोलीन या मेंदूतल्या रसायनाचं काम अडवते, आणि स्मरणासाठी नेमकं तेच लागतं. अशा गोळ्यांचं एकूण ओझं जितकं जास्त, तितकी स्मरणशक्ती खालावलेली आढळते. ही गोळी कमी करता येईल का, पर्याय आहे का, हे डॉक्टरच ठरवतील. स्वतःहून बंद करू नये. थेट स्मरणशक्तीसाठी औषध शोधण्याच्या प्रयत्नांना अजून यश आलेलं नाही. ग्लुटामेटच्या वाटेने जाणाऱ्या आयक्लेपर्टिन या औषधाकडून मोठी आशा होती, पण २०२५ च्या सुरुवातीला त्याच्या अंतिम टप्प्यातल्या चाचण्याही अपेक्षेला उतरल्या नाहीत.

हाताशी असलेला सगळ्यात भक्कम उपाय म्हणजे मेंदूचं पुनर्वसन प्रशिक्षण. यात प्रशिक्षकाबरोबर आठवड्यातून काही वेळा स्मरण, लक्ष आणि नियोजन यांचा सराव होतो. परिणाम लहान ते मध्यम असतो, पण अनेक देशांतल्या अभ्यासांत तो पुन्हा पुन्हा दिसला आहे. मोबाइलवरचे खेळ एकट्याने खेळून तेवढा फायदा होत नाही. प्रशिक्षक हवा, युक्त्या शिकवायला हव्यात, आणि शिकलेलं खऱ्या कामात वापरायची संधी हवी. नोकरीसाठीच्या मदतीबरोबर हे प्रशिक्षण मिळालं तर फरक जास्त दिसतो. नियमित, दम लागेल असा व्यायामही स्मरणाच्या चाचण्यांत थोडी सुधारणा घडवतो.

घरात काय करायचं, ते वरच्या सगळ्यातूनच निघतं. एका वेळी एकच काम सांगावं, छोट्या वाक्यात, आणि ते झाल्यावर दुसरं. तोंडी सांगण्यापेक्षा लिहून द्यावं. किल्ल्या, चष्मा, कागदपत्रं यांची जागा ठरवावी आणि ती बदलू नये. बोलताना मागे टीव्ही चालू नसावा. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबावं. शांतता लांबली म्हणून प्रश्न बदलून पुन्हा विचारला, तर मनात धरलेला पहिला प्रश्नही सुटतो. ‘काय काय आठवतंय सांग’ यापेक्षा ‘सकाळी फोन आईचा होता की ताईचा?’ असं विचारलं तर उत्तर सापडणं सोपं जातं. नवं काही शिकवताना चुकत चुकत शिकू देण्यापेक्षा पहिल्यापासून बरोबर पायरी दाखवावी, कारण या स्मृतीत चूकही तितकीच पक्की बसते. गोळ्यांसाठी वारांचे कप्पे असलेली डबी आणि मोबाइलचा गजर ठेवावा. तरीही विसर पडत असेल, तर काही आठवडे पुरणाऱ्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांशी बोलावं. अभ्यास पुन्हा सुरू करायचा असेल तर कमी विषय घेऊन, थोड्या थोड्या वेळाचे तुकडे पाडून करावा.

आणि पुढच्या तपासणीला जाताना आवाज, झोप, भूक यांच्याबरोबर हेही सांगावं: पान वाचल्यावर काय आठवतं, बोलताना धागा कुठे तुटतो, दिवसात कधी जास्त थकवा येतो. स्मरण आणि लक्ष यांची पद्धतशीर चाचणी मानसशास्त्रज्ञ करू शकतात. एक-दीड तास लागतो, आणि त्यातून शब्द लक्षात ठेवणं, चित्र लक्षात ठेवणं, वेग, नियोजन यांतलं नेमकं काय कमकुवत आहे आणि काय मजबूत, ते वेगवेगळं कळतं. ज्याला ऐकलेलं राहत नाही पण पाहिलेलं राहतं, त्याच्यासाठी घरातल्या सूचना चित्रांत आणि कागदावर आणता येतात.